जहाजापुढे बोट आडवी घालायची म्हणते माझी लेक

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देते. त्यांची मुलगी चोवीस वर्षांची, एम. एस. युनिव्हर्सिटीतून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, सध्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. देवमाशांची व्यापारी शिकार थांबवण्यासाठी शिकारी जहाजांना समुद्रात आडवं जाणाऱ्या एका परदेशी संस्थेच्या बोटीवर स्वयंसेवक म्हणून जायचं तिने ठरवलंय. पहिली मुलाखत झाली. वडील वीज कंपनीतून निवृत्त. "हे समुद्री चाचे आहेत, माझ्या घरातून कुणी जाणार नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यावर मुलगी म्हणाली, "पणजोबा मिठाच्या सत्याग्रहात धारासणाला लाठ्या खायला गेले त्याचं कौतुक, आणि मी गेले तर चाचे?" तेव्हापासून बापलेकीत अबोला आहे. आईंच्या नावावर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव आहे. प्रशिक्षण, तिकीट आणि सहा महिन्यांच्या खर्चासाठी मुलीने ती मागितली आहे. आई विचारतात: हे आंदोलन की गुंडगिरी? जपानी माणसांनी काय खावं हे ठरवणारे आपण कोण, आपल्याकडेही रविवारी कोंबडी शिजते. आणि मी पैसे दिले, पुढे काही भलतं झालं, तर त्याला जबाबदार मीच ना?

ताई,

तुमच्या यजमानांचं म्हणणं आधी घेते, कारण ते उगाच आलेलं नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने 'सी शेफर्ड' या संस्थेबद्दल हेच म्हटलं होतं. जहाजांना धडका देणं, ॲसिडच्या बाटल्या फेकणं, प्रोपेलरमध्ये अडकावेत म्हणून पाण्यात दोर सोडणं, ही चाचेगिरी आहे. मनात हेतू कितीही उदात्त असला तरी. आता दुसरी बाजू. 31 मार्च 2014 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, ऑस्ट्रेलियाने लावलेल्या दाव्यात, 12 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला की अंटार्क्टिकाच्या समुद्रात जपान 'संशोधन' म्हणून जी शिकार करत होता तिचे परवाने संशोधनासाठीचे मानता येत नाहीत, ते रद्द करा. म्हणजे अडवणारे कायदा मोडत होते आणि ज्यांना अडवलं तेही मोडत होते. बापलेक कायद्याच्या आधाराने भांडत असतील तर तो दोघांनाही मिळेल आणि भांडण तिथेच राहील.

म्हणून तुमचा "आंदोलन की गुंडगिरी" हा प्रश्न मी जरा फोडून घेणार आहे. त्याआधी हा विषय तुमच्या लेकीला एवढा का लागलाय, ते बघू.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांच्या वर लांब. 1944 साली महीच्या मुखाशी तो वाहून आला होता. वडोदऱ्यातलं प्रत्येक मूल त्याच्याखाली उभं राहून मान वर करून बघतं. तुमच्या मुलीनेही बघितला असेल. त्या काळात दक्षिणेच्या समुद्रात काय चाललं होतं? 1930-31 च्या एका हंगामात 29,000 हून जास्त निळे देवमासे मारले गेले. एका हंगामात! चरबीचं तेल काढायचं, त्यापासून साबण आणि मार्गारीन करायचं. विसाव्या शतकात जगभरात सगळ्या जातींचे मिळून सुमारे 29 लाख देवमासे व्यापारी शिकारीत गेले. 1946 मध्ये शिकारी देशांनी करार केला, आयोग नेमला, दरवर्षी किती मारायचे ते ठरवू लागले. पण तो आयोग शिकार करणाऱ्यांचाच होता. सोव्हिएत जहाजांनी तर पुढच्या काही दशकांत सुमारे 1,80,000 देवमासे मारून त्यांची नोंदच दिली नाही. करार कागदावर, तपासनीस त्यांचेच, समुद्र हजारो मैल दूर. कोण बघणार?

बघायला काही माणसं गेली, तिथून ही चळवळ सुरू झाली. जून 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, ग्रीनपीसच्या लोकांनी छोट्या रबरी बोटी सोव्हिएत शिकारी जहाज आणि देवमासा यांच्यामध्ये घातल्या. हार्पून, म्हणजे तोफेतून सुटणारा भाला, त्यांच्या डोक्यावरून गेला आणि देवमाशाला लागला. त्याचं चित्रीकरण घराघरांतल्या टीव्हीवर दिसलं. सात वर्षांनी, 1982 मध्ये, त्याच आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला आणि 1985-86 पासून ती लागू झाली. बंदी केवळ त्या बोटींमुळे आली असं मी म्हणणार नाही. शास्त्रज्ञांचे आकडे होते, कितीतरी देशांच्या सरकारांनी मतं दिली. पण जे कुणाला दिसत नव्हतं ते त्या बोटींनी दाखवलं. तुमची लेक जेव्हा म्हणते की नुसत्या सह्यांच्या मोहिमांनी काही होत नाही, तेव्हा ती पोरकटपणे बोलत नसते.

आता फोड. 'थेट कृती' म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो त्यात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि माझं तिन्हींबद्दल सारखं मत नाही.

पहिली, 1975 ची. आपलं शरीर मध्ये घालायचं. धोका स्वतःला, समोरच्याच्या केसालाही धक्का नाही. तुमच्या आजेसासऱ्यांचं (की आजोबांचं? पत्रात स्पष्ट नाही) धारासणा याच जातीचं. आणि इथे यजमानांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. 21 मे 1930 ला सरोजिनी नायडूंबरोबर जे लोक धारासणाला गेले ते निवेदन द्यायला गेले नव्हते. सरकारी मिठागराचा ताबा घ्यायला गेले होते. कायद्याच्या भाषेत तो दरोडाच. तरीही आपण त्यांच्यापुढे हात जोडतो, कारण रांगेमागून रांग पुढे गेली, डोकी फुटली, आणि लाठी चुकवायलासुद्धा कुणी हात वर केला नाही. असं कुणी देवमाशासाठी करत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे, कायदा काहीही म्हणो.

दुसरी गोष्ट, मालमत्तेची नासधूस. पॉल वॉटसन हा माणूस ग्रीनपीसच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. 1977 मध्ये सीलच्या शिकारीविरुद्धच्या मोहिमेत त्याने एका शिकाऱ्याचा सोटा आणि कातडी पाण्यात फेकली. यावरून ग्रीनपीसने त्याला संचालक मंडळातून काढलं आणि त्याने स्वतःची संस्था काढली, तीच पुढे सी शेफर्ड. 1979 मध्ये त्याने पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ 'सिएरा' या बेकायदा शिकारी जहाजाला धडक दिली. नोव्हेंबर 1986 मध्ये त्याच्या दोन माणसांनी रेकयाविकच्या बंदरात उभी असलेली दोन शिकारी जहाजं तळाचे व्हॉल्व्ह उघडून बुडवली. आइसलंडच्या चारपैकी दोन जहाजं. कुणाचाही जीव गेला नाही. 1988 मध्ये वॉटसन स्वतः आइसलंडला गेला, म्हणाला, खटला भरा माझ्यावर. त्यांनी खटला न भरता त्याला परत पाठवून दिलं.

यावर काय म्हणायचं? आपल्याकडे हा वाद शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या जमिनी धरणाखाली जात होत्या तेव्हा सत्याग्रह झाला. शेवटच्या टप्प्यात सेनापती बापटांनी अहिंसेची चौकट बाजूला ठेवून रेल्वे अडवली आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. गांधीजींना तो मार्ग मान्य नव्हता. बापटांना गुंड मात्र कुणी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही, कारण त्यांनी जे केलं ते नाव लपवून केलं नाही आणि त्याची किंमत दुसऱ्याला भरायला लावली नाही. मी बापटांना मानते. तरीही माझी लेक जहाज बुडवायला निघाली असती तर मी तिला नको म्हटलं असतं. बंदरात उभ्या जहाजात कुणी झोपलेलं नाही याची खात्री अंधारात कशी करायची? 1986 मध्ये कुणी मेलं नाही. प्रत्येक वेळी असंच होईल याच्या भरवशावर मला कुणाचा जीव ठेवता येत नाही.

तिसरी गोष्ट, चालत्या जहाजावरचा हल्ला. इथे मी तुमच्या यजमानांच्या बरोबर आहे. 6 जानेवारी 2010 ला अंटार्क्टिकाच्या समुद्रात 'ॲडी गिल' ही सी शेफर्डच्या बाजूची वेगवान बोट आणि जपानचं 'शोनान मारू 2' यांची टक्कर झाली, बोटीचा पुढचा भाग तुटून गेला. सहा जण थोडक्यात वाचले. न्यूझीलंडच्या सागरी यंत्रणेने चौकशी करून दोन्ही कप्तानांना दोष दिला. त्या पाण्यात पडलेला माणूस फार तर काही मिनिटं हातपाय हलवू शकतो आणि सर्वांत जवळचं इस्पितळ कित्येक दिवसांच्या अंतरावर असतं. तिथल्या शिकारी जहाजावर पगारासाठी काम करणारा खलाशी असतो. त्याचीही आई कुठल्यातरी गावात वाट बघत असते. जहाजाचा प्रोपेलर बंद पाडणं म्हणजे त्या बर्फात त्याला निराधार सोडणं. देवमाशाची शिकार नको म्हणणाऱ्या देशांनीसुद्धा आयोगात एकमताने ठराव करून समुद्रावरच्या अशा जीवघेण्या कृतींचा निषेध केला आहे, 2011 मध्ये शेवटचा. तो बरोबरच होता.

याच समुद्रातली आणखी एक घटना तुमच्या घरात सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी 2007 मध्ये सी शेफर्डचे दोन कार्यकर्ते रबरी बोटीसह धुक्यात हरवले. संस्थेने मदतीचा संदेश पाठवला. ज्या 'निशिन मारू' या जपानी फॅक्टरी जहाजावर (मारलेले देवमासे तिथेच कापून साठवणारं जहाज) ते हल्ला करत होते, तेच जहाज शिकार सोडून शोधाला लागलं. काही तासांनी दोघं सापडले. मी हे वाचलं तेव्हापासून मला 'शत्रू' असा विचार करता येत नाही आणि मला वाटतं, तुमच्या लेकीनेही जाण्यापूर्वी यावर विचार करावा.

मग हे सगळं करून उपयोग झाला का? झाला, काही वर्षं. 2010-11 च्या हंगामात जपानी ताफा फेब्रुवारीतच परत फिरला. साडेआठशेच्या वर मारायचे होते, 172 मारले. सहाशेच्या वर देवमासे जगले, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये जपानला सुनामीने झोडपलं आणि पुनर्बांधणीच्या निधीतले सुमारे 2.3 अब्ज येन शिकारीच्या ताफ्याकडे वळवले गेले. आंदोलकांपासून संरक्षण हेही एक कारण सांगितलं होतं. ज्या जपानी माणसाने वर्षानुवर्षं देवमाशाचं मांस तोंडात घातलेलं नव्हतं, त्यालाही 'परके येऊन आम्हाला धडका देतात' याचा राग आला. अडवल्याने शिकार महाग झाली आणि त्याच अडवण्याने ती राष्ट्राभिमानाची गोष्टही झाली. 2017 मध्ये वॉटसनने सांगितलं की जपान उपग्रहांवरून आमची बोट कुठे आहे ते बघतो, आता आम्ही त्यांना गाठू शकत नाही.

अंटार्क्टिकातली जपानची शिकार खऱ्या अर्थाने थांबली ती 2019 मध्ये. जपानने आयोग सोडला, 1 जुलैपासून उघडपणे व्यापारी शिकार सुरू केली, पण स्वतःच्या सागरी हद्दीत. दक्षिणेच्या समुद्रातून तो बाहेर पडला. न्यायालयाचा निकाल, दूरच्या मोहिमांचा खर्च, खाणाऱ्यांची घट, सगळ्याचा हात त्यात होता. 1962 च्या सुमारास जपानमध्ये वर्षाला 2,30,000 टनांच्या आसपास देवमाशाचं मांस खपत होतं. आता ते दोन हजार टनांच्या घरात आहे.

म्हणजे ताई, तुमच्या यजमानांच्या डोळ्यांपुढे जे धडका देणारं जहाज आहे आणि बहुधा लेकीच्याही डोळ्यांपुढे जे आहे, ते पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. घरातलं भांडण एका जुन्या चित्रावरून चाललंय. आज व्यापारी शिकार करणारे देश तीन: जपान, नॉर्वे, आइसलंड. तिघेही आपापल्या समुद्रात शिकार करतात. कुणाचीच हद्द नसलेल्या समुद्रात बेकायदा शिकार अडवणं वेगळं आणि एखाद्या देशाच्या हद्दीत जाऊन त्याच्या परवान्यावरची शिकार अडवणं वेगळं. तिथे तटरक्षक दल येणार, अटक होणार, खटला चालणार. नॉर्वेने बंदीवर हरकत नोंदवून 1993 पासून शिकार पुन्हा चालू केली, पण ठरवलेल्या कोट्याच्या निम्मेही मिंक देवमासे अलीकडे बहुतेक वर्षी मारले जात नाहीत, कारण घेणारं कुणी नाही. आइसलंडची गोष्ट तर लेकीने नीट अभ्यासावी. तिथल्या सरकारी पशुवैद्यक खात्याने 2022 च्या शिकारीची पाहणी केली. मारलेल्या 148 फिन देवमाशांपैकी 36 ना एकाहून जास्त हार्पून मारावे लागले होते. नीट पाहणी केलेल्या 58 पैकी जे लगेच मेले नाहीत, त्यांतल्या निम्म्यांना प्राण जायला साडेअकरा मिनिटांहून जास्त वेळ लागला होता. हा अहवाल आला आणि जून 2023 मध्ये मंत्र्यांनी हंगाम दोन महिने थांबवला. बंदी उठताच सप्टेंबरमध्ये दोन तरुणी रेकयाविकच्या बंदरात शिकारी जहाजांच्या डोलकाठ्यांवर चढून तीस तासांहून जास्त बसून राहिल्या. कुणाला इजा नाही, नाव लपवणं नाही, खाली उतरून पोलिसांच्या स्वाधीन. त्यानंतर 2024 आणि 2025 अशी दोन्ही वर्षं फिन देवमाशांची शिकार तिथे झाली नाही. परवान्याला झालेला उशीर आणि बाजार, ही त्यामागची मोठी कारणं.

तुमच्या कोंबडीच्या प्रश्नाला मी टाळत नाही. तो प्रामाणिक प्रश्न आहे. दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवण्याचा अधिकार मांसाहारी माणसाला आहे का? काय खावं यावर मी बोलणार नाही. महायुद्धानंतरच्या उपासमारीत जपानी मुलांनी शाळेत देवमाशाचं मांस खाल्लं, त्यावर ती वाढली. त्या पिढीला कुणी राक्षस म्हणू नये. अलास्कातले इनुपियाक हे मूळनिवासी लोक आजही ठरावीक संख्येत शिकार करतात आणि ती त्यांची जगण्याची गोष्ट आहे; आयोगही ती मान्य करतो. पण अंटार्क्टिकाला मोठे ताफे पाठवणं हे जपानमध्ये 1930 च्या दशकात सुरू झालं, त्याला परंपरा म्हणणं मला पटत नाही. आणि कोंबडी पिंजऱ्यातली असली तरी तिची पैदास आपण करतो, ती संपत नाही. देवमासा दोन-तीन वर्षांत एखादं पिल्लू देतो, समुद्र त्याचा आणि त्यावर मालकी कुणाचीच नाही. माझा आक्षेप आधी या मालकीला आहे, मग त्या साडेअकरा मिनिटांना. लेकीला मात्र एक सांगा: ज्या दिवशी तुझ्या तोंडी 'जपानी लोक असेच' असं वाक्य आलं, त्या दिवशी तू देवमाशासाठी लढायचं थांबवलंस.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही आणि असायला हवी होती. हा प्रश्न अंटार्क्टिकाचाच आहे असं तुम्ही तिघांनीही धरून ठेवलंय. 1965-66 मध्ये, मुख्यतः नोव्हेंबर 1966 मध्ये, सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि आपला वायव्य किनारा या पट्ट्यात 242 हंपबॅक देवमासे बेकायदा मारले. अरबी समुद्रातले हे हंपबॅक जगावेगळे: बाकीचे दरवर्षी ध्रुवांकडे जातात, हे इथेच राहतात. आज ते शंभराहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. त्यांच्यावर आता कुणी हार्पून मारत नाही. ते जाळ्यांत अडकून मरतात, मोठ्या जहाजांखाली येतात. तिथे आडवी घालायला बोट कामाची नाही. तिथे कोळ्यांशी बोलता येणारी, गुजराती येणारी, प्राणिशास्त्र शिकलेली माणसं लागतात.

आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याने हे करून दाखवलंय. व्हेल शार्क, जो देवमासा नाही, प्रचंड आकाराचा निरुपद्रवी मासा आहे, वेरावळ-मांगरोळच्या बाजूला तेलासाठी आणि निर्यातीसाठी दर हंगामात शेकड्यांनी मारला जायचा. 2001 मध्ये त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण मिळालं. नुसत्या कायद्याने कोळी थांबले नसते. पोट त्यावर होतं. 2004 पासून वन खातं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली. रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, तिला मारू नका. जाळं कापून मासा सोडला तर जाळ्याची भरपाई मिळू लागली, सुटकेचे फोटो काढायला कोळ्यांना कॅमेरे दिले. जे हात मारत होते त्याच हातांनी आजवर शेकडो व्हेल शार्क सोडून दिले आहेत. महाराष्ट्रातही 2018 पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं तर कोळ्याला भरपाई मिळते. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या देशात समुद्री जीवांसाठी झालेलं हे सर्वांत परिणामकारक काम आहे आणि त्यात कुणी कुणाला धडक दिली नाही.

पण हे तुम्ही लेकीला 'बघ, इथेच कर काहीतरी' अशा सुरात सांगू नका. मुलींना घरात ठेवण्यासाठी आपण आजवर असले चांगले पर्याय खूप पुढे केले आहेत, तिला ते लगेच कळेल. जाण्याआधी तिने वेरावळला जाऊन महिनाभर त्या लोकांबरोबर काम करावं असं मात्र सुचवा. समुद्र लागतो का, उलट्या होतात का, कोळ्याच्या बोटीवरच्या बिनझोपेच्या रात्री सोसतात का, हे तिलाही समजेल. त्यानंतरही जायचं म्हणाली तर ती विचार करून निघाली आहे.

आता पैशांचं, आणि इथे असाच प्रश्न असलेल्या दुसऱ्या आईबापांनीही लक्ष द्यावं. तुमची लेक सज्ञान आहे. तिने परवानगी मागितलेली नाही, पैसे मागितले आहेत. तुम्ही ते दिले म्हणजे तिच्या पुढच्या प्रत्येक कृतीवर सही केली असं होत नाही. पण कशासाठी देताय हे माहीत असल्याशिवाय देऊही नका. ठेव अख्खी मोडू नका. प्रशिक्षणाची फी वेगळी काढा. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी जो मूलभूत सुरक्षा कोर्स असतो, बुडताना जगणं, आग विझवणं, प्रथमोपचार, तो डीजी शिपिंगची (केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थांमध्ये मुंबईतही होतो. ती बोटीवर गेली, संशोधनाच्या जहाजावर गेली की वेरावळला राहिली, तो वाया जात नाही. त्याची फी आजच भरा, डोळे मिटून.

तिकिटाचे पैसे मात्र उत्तरं मिळाल्यावर. जहाजावर कुठल्या देशाचा झेंडा आहे? खुल्या समुद्रात त्याच देशाचा कायदा तिला लागू होणार. मोहीम कुठल्या पाण्यात आहे? अशा संस्थांची आजची बरीचशी कामं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिथल्या सरकारांबरोबर बेकायदा मासेमारी पकडण्याची असतात. कदाचित तिलाही तेच काम मिळेल आणि मग तुमचं अर्धं भांडण आपोआप मिटेल. बोटीवर तिचं काम काय, स्वयंपाकघरात, इंजिनाजवळ की रबरी बोटीत? एखादी कृती मनाला पटली नाही तर 'मी यात नाही' म्हणायची मुभा आहे का, की कप्तानाचा शब्द शेवटचा? विमा कोण काढतं, त्यात उचलून आणण्याचा खर्च आहे का, अटक झाली तर वकील कुणाचा? ही उत्तरं तोंडी नकोत, लेखी हवीत. देत नसतील तर ती संस्था बरी नव्हे, तिचं ध्येय कितीही थोर असो.

अटकेबद्दल घाबरवत नाही, पण झाकतही नाही. 'ॲडी गिल'चा कप्तान पीट बेथ्यून फेब्रुवारी 2010 मध्ये जेट स्कीवरून जपानी जहाजावर चढला. त्याला टोकियोला नेलं आणि दोन वर्षांची शिक्षा सुनावली. ती स्थगित ठेवून त्याला परत पाठवलं. 2010 च्याच घटनांवरून काढलेल्या वॉरंटवर वॉटसनला जुलै 2024 मध्ये ग्रीनलंडच्या नूक बंदरात पकडलं; पाच महिने कोठडीत राहिला, मग डेन्मार्कने त्याला जपानच्या ताब्यात न देता सोडलं. घटनेनंतर चौदा वर्षांनी! भारतानेही 2002 मध्ये जहाज वाहतुकीची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविरुद्ध कायदा केलेला आहे. व्हिसाच्या अर्जात 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न असतो, पुढे पीएच.डी.साठी परदेशी जायचं असेल तर तो समोर येणार. धारासणाला गेलेल्यांना याची कल्पना होती आणि ती असूनही ते गेले. तिलाही ती असायला हवी.

लग्नाबद्दल मी काही लिहीत नाही. ज्याला हे ऐकून लग्न मोडावंसं वाटेल, त्याच्याशी न झालेलंच बरं.

राहिले तुमचे यजमान. वीज कंपनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने टेंडरं आणि करार वाचण्यात आयुष्य घालवलं असणार. कुठल्या कलमात काय लपवलंय हे त्यांना तुम्हा दोघींपेक्षा लवकर दिसेल. संस्थेची कागदपत्रं आली की ती त्यांच्यापुढे ठेवा. मत विचारू नका, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढंच म्हणा की ही सही करणार आहे, त्याआधी तुम्ही एकदा वाचून खुणा करून द्या. ज्या कलमांवर ते खुणा करतील, ती लेकीने संस्थेला विचारावीत आणि आलेली उत्तरं स्वतः नेऊन त्यांना वाचून दाखवावीत.